काळी, पांढरी आणि शाळा

आमच्याकडे गावाचे दोन भाग. पिकतं ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. काळीच्या कामाचा इतिहास थोडाफार लिहिला गेलाय. दुष्काळ, सारा, पाटबंधारे, सगळ्याच्या नोंदी सापडतात. पांढरीत घरं कशी उभी राहिली, ती कुणी बांधली, तो माणूस ते काम कुठं शिकला, हे मात्र फारसं कुणी लिहून ठेवलं नाही. मी दहावी शिकलेला शेतकरी. माझ्या हयातीत मातीची घरं गेली, पत्रा आला, स्लॅब आला. आणि त्याच काळात आमच्या भागात घरबांधणी आणि विज्ञान एकत्र शिकवणारी शाळा उभी राहिली. तिच्या आधी काय काय होऊन गेलं आणि गावानं तिला कसा हात दिला, ती ही हकिगत.

आमचं गाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यात, पाबळच्या शेजारी. पाबळ म्हणलं की शहरातल्या माणसाला मस्तानीची कबर आठवते. आम्हाला आठवतो तो आटलेला आड आणि बाजरीची खुरटलेली कणसं. असल्या मुलखात माणसाची ऐपत त्याच्या घराच्या खणांवरून सांगायची रीत होती. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा, साधारण पाच फुटांची. सोयरीक जमवायला आलेला पाहुणा विचारायचा, "घर किती खणांचं?" जमीन नंतर विचारायचा.

ते घर बांधायला बाहेरून काही यायचं नाही. जोत्याला माळावरचा दगड. भिंतीला भेंडे, म्हणजे चिखलात भुसकट कालवून, चार दिवस भिजवून, पायानं तुडवून थापलेल्या मोठ्या कच्च्या विटा. वरती धाबं. लाकडी खांडं, त्यावर काटक्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढरीतली चिकट माती. ती माती दाबून बसवली की पाणी धरत नाही, हे आमच्या आज्याला माहीत होतं. का धरत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सुतार, लोहार, वडार, गवंडी आपापलं काम जाणत होते आणि गाव सावडीनं चिखल तुडवायला यायचं. उन्हाळ्यात असल्या घरात दुपारी घोंगडीवर पडलं की थंडगार वाटायचं.

मग मी शाळेत गेलो. अकरावीची मॅट्रिक बंद होऊन दहावीची परीक्षा नुकतीच सुरू झाली होती. भूमितीत पायथागोरसाचा सिद्धांत होता. कर्णाचा वर्ग बरोबर उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, हे आम्ही आरतीसारखं पाठ म्हणायचो. त्याच वर्षी आमच्या चुलत्याच्या घराचा पाया आखायला गवंडी आला. त्यानं कोपऱ्यात खुंटी ठोकली, एका दोरीवर तीन हात मोजले, दुसरीवर चार हात. दोन खुणांमधलं अंतर पाच हात भरेपर्यंत दोरी सरकवली आणि म्हणाला, "कोपरा गुण्यात आला." मी तिथं उभा होतो. तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, बेरीज पंचवीस, म्हणजे पाचाचा वर्ग. हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. गवंडी अंगठेबहाद्दर होता, आणि आमच्या सरांनी कधी पाया आखला नव्हता. सिद्धांत एकच, पण तो गावात दोन घरांत राहत होता आणि त्या दोन घरांचं येणंजाणं नव्हतं.

येणंजाणं व्हावं अशी तळमळ मात्र जुनी आहे. १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढं निवेदन दिलं. सरकारचा पैसा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षण वरच्या थरातल्यांना मिळतं, हे त्यात होतंच. पण गावच्या शाळेत काय शिकवावं, हेही त्यांनी सांगितलं होतं. मोडी, बालबोध, हिशोब याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, शाळेला जोडून नमुन्याची छोटी शेती असावी, असं ते म्हणत होते. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेतलेला माणूस. चुना आणि दगड त्यांनी हाताळलेला होता. म्हणून त्यांचं म्हणणं नुसतं कागदी वाटत नाही.

पुढं १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवत गावोगाव फिरलेला हा माणूस. शेतकऱ्याच्या घरात रोकड नसते, पण कणगीत दाणा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मुष्टिफंड काढला. बाईनं दळण काढताना मूठभर धान्य शाळेसाठी बाजूला ठेवायचं. लक्ष्मीबाईंनी तर मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. मुलं स्वतः राबायची, पिकवायची, रांधायची, बांधकामावर खपायची आणि शिकायची. रयतेच्या शाळा महाराष्ट्रभर गेल्या त्या या मुठीवर आणि या घामावर. शाळेला आधार देणं म्हणजे काय, याचा धडा मी तिथून घेतो.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. हातातल्या उद्योगातून सगळे विषय शिकवावेत, ही नई तालीमची कल्पना तिथं मांडली गेली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीनं तिचा आराखडा केला. शेजारी सेवाग्रामला माती, बांबू आणि कौलांच्या कुट्या उभ्याच होत्या, जवळपासच्या सामानातून बांधलेल्या. आज शहरातले लोक पर्यावरणपूरक घरं म्हणतात ती बघायला मिळतील अशी ती जागा. स्वातंत्र्यानंतर १९६४ ते ६६ मध्ये कोठारी आयोग बसला. त्याचे सचिव जे. पी. नाईक. या आयोगानं कार्यानुभव हा शब्द शिक्षणात आणला. आमच्या वर्गापर्यंत तो शब्द पोचला खरा. आठवड्यातून एक तास आम्ही कार्यानुभव म्हणून घोटीव कागदाची फुलं करायचो. बाहेर शाळेच्याच भिंतीचा गिलावा गळून पडत होता.

पाबळला जे घडलं त्याचं मोल या पार्श्वभूमीवर समजतं. १९८३ साली डॉक्टर श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ तिथं आले. अमेरिकेत जाऊन डॉक्टरेट केलेले, म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेत आणि मग मुंबईच्या मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेले. निवृत्तीचं वय व्हायच्या आधीच त्यांनी नोकरी सोडली आणि पत्नी मीराताईंसह आमच्या माळावर येऊन विज्ञान आश्रम काढला. तो जे. पी. नाईकांनी उभारलेल्या पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली. म्हणजे कोठारी आयोगाच्या कागदावरची गोष्ट फिरून आमच्याच तालुक्यात मातीला लागली.

त्यांची रीत साधी होती. शाळेतून गळालेल्या, नापास म्हणून शिक्का बसलेल्या मुलामुलींना घ्यायचं आणि वर्षभर काम करत शिकवायचं. चार विभाग. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम एकात; ऊर्जा आणि पर्यावरण दुसऱ्यात; शेती आणि जनावरं तिसऱ्यात; घर आणि आरोग्य चौथ्यात. मुलगा असो की मुलगी, चारही करायचे. मुलगी वेल्डिंग करणार, मुलगा रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला शिकणार. प्रत्येक वस्तूचा खर्च काढायचा आणि ती गावाला विकायची. फुकट वाटायची नाही, आणि नुसती शोभेलाही ठेवायची नाही.

आमच्या लोकांचे डोळे विस्फारले ते घुमटांनी. माळावर पांढरे गोल घुमट दिसायला लागले आणि लोक म्हणायला लागले, "ही काय आता मशीद बांधतायत की अंडी उबवतायत?" मी मुद्दाम जाऊन पाहिलं. लोखंडी अँगलचे ठरावीक मापाचे तुकडे, ते नटबोल्टनं जोडून केलेले त्रिकोण, आणि त्रिकोणाला त्रिकोण लागत लागत झालेली अर्ध्या कलिंगडासारखी टोपी. त्यावर खुराड्याला लावतात तसली बारीक जाळी आणि जाळीवर सिमेंटचा पातळ थर. मधे एकही खांब नाही. एका पोरानं मला चार काड्यांची चौकट करून हातात दिली. दाबली की ती तिरकी व्हायची. मग तीन काड्यांचा त्रिकोण दिला. तो काही केल्या हलेना. "काका, काडी मोडल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही," तो म्हणाला. आपण शेताच्या फाटकाला तिरपी पट्टी मारतो ती याचसाठी. हा पोरगा नववीतून गळालेला होता. भूमितीतच गेला होता म्हणे.

असं काम बघून कौतुक वाटायचं, पण हे आपल्या शाळेत पाहिजेच, ही निकड वाटली ती १९९३ साली. ३० सप्टेंबरची पहाट, गणपती नुकते बोळवलेले. किल्लारीला भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. आमच्या गावानं भाकरी, कांदे आणि घोंगड्या गोळा करून ट्रक नेला, त्यात मी होतो. कोयनेचा १९६७ चा भूकंप मला अंधुक आठवतो, उतरंडीची मडकी खडखडल्याचं. किल्लारीला मडकी राहिली नव्हती आणि ती ठेवायला भिंती राहिल्या नव्हत्या. सरकारी नकाशात तो भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याचा मानलेला होता.

तिथं मी जे पाहिलं ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, सांध्याला सिमेंट किंवा चुना नाही, नुसती माती. भिंतीचं आतलं तोंड वेगळं रचलेलं, बाहेरचं वेगळं, मधे दगडगोट्यांची भर. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद. दरसाल गळतं म्हणून दरसाल वर माती टाकलेली. बापानं टाकली, त्याच्यावर मुलानं टाकली. छपराचं वजन पिढीपिढीनं वाढत गेलेलं. जमीन हलली तशी भिंत फाकली आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. भूकंपानं माणसं मेली असं आपण म्हणतो. तिथला ढिगारा उपसताना दिसत होतं की माणसं घरानं मारली होती. नंतर त्या भागात पाबळच्या धर्तीचे हलके घुमटही बांधले गेले.

परत आल्यावर आमच्याकडची धाबी माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. आज्याचं ज्ञान खोटं नव्हतं. पण माती पाणी अडवते एवढंच त्यात होतं, माती किती वजन टाकते हे नव्हतं. दुसरी बाजू वजनकाट्यावर आणि वहीत होती, आणि वहीवाला धाब्यावर चढत नव्हता.

पाबळच्या धर्तीवर आसपासच्या हायस्कुलांत आठवी ते दहावीला मूलभूत तंत्रज्ञान हा विषय सुरू झाला होता. आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाचा. काही वर्षांनी तो आमच्या शाळेतही आला. शिकवायला बाहेरचे पदवीधर आणायचे नाहीत, गावातलेच कसबी लोक निदेशक म्हणून घ्यायचे. विषय आणायचा की नाही यासाठी मारुतीच्या देवळात बैठक बसली. पालकांची कुरकुर होती की पोरं शाळेत घालायची ती चिखलातून बाहेर काढायला. सगळ्यात बोचरा प्रश्न विचारला तो वडारवाडीतल्या एका म्हाताऱ्या नानांनी. ते म्हणाले, "आमच्या बापजाद्यांनी दगड फोडले. मी फोडले. नातू शाळेत घातला, तर तिथं पण त्याला घणच देताय का?"

देवळात कुणी बोलेना. मग हेडसर म्हणाले, "नाना, घण सगळ्यांनाच मिळणार. आणि वहीसुद्धा सगळ्यांना."

"पाटलाच्या पोरीला पण?"

"पाटलाच्या पोरीला पण. तुमचा नातू नकाशा काढंल आणि ती चिखल कालवंल. पुढच्या आठवड्यात उलटं."

नाना म्हणाले, "मग बघू." ते नुसतं बघत बसले नाहीत. दोन महिन्यांनी तेच शाळेत येऊन मुलांना दगड कसा वाचायचा ते शिकवू लागले. भिंतीत दर दोन-तीन हातांवर आरपार दगड घातला पाहिजे हे त्यांना पक्कं माहीत होतं. "गढीच्या भिंतीत घातलाय की. गरिबाच्या भिंतीत कोण घालतो? लांब दगडाला पैसे जास्ती पडतात," ते म्हणाले. किल्लारीचं सगळं गणित त्या एका वाक्यात होतं.

पहिलं मोठं काम म्हणून मुलांनी गावातली धाब्याची घरं मोजली. भिंतीची जाडी, फुगवटा, ओळंबा सोडून तोल, आणि वरच्या मातीचा थर. घनफुटाचं वजन धरून प्रत्येक घराच्या डोक्यावर किती ओझं आहे ते काढलं आणि कागद घरमालकाच्या हातात दिला. किलोत सांगितलं तर समजलं नसतं, म्हणून पोरांनी बैलगाड्यांत सांगितलं. "आजी, तुमच्या डोक्यावर नऊ गाड्या माती आहे." त्या उन्हाळ्यात कितीतरी धाब्यांवरची जादा माती उतरली. सरकारी फतव्यानं ती उतरली नसती.

दुसरं काम माझ्या शेतातलं. मला जनावरांसाठी पाण्याचा हौद पाहिजे होता. मुलांनी जाळी आणि सिमेंटचा, फेरोसिमेंटचा, बांधला. निदेशकांनी मालात पाणी जास्त होऊ दिलं नाही. पातळ माल लावायला सोपा पडतो, पण कमजोर होतो. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, म्हणून पहिला आठवडा मुलं सकाळ-संध्याकाळ गोणपाट भिजवायला यायची. हौद भरला आणि नळाच्या तोंडाशी पाझरायला लागला. मुलांनी तो रिकामा केला, पाइपाभोवतीची जागा फोडली, पुन्हा भरली. गणित चुकलं तर मार्क जातात आणि वही बंद होते. हौद गळला तर म्हैस तहानलेली राहते आणि सगळी आळी बघते. त्या मुलांना आयुष्यभर पुरेल एवढं रसायनशास्त्र त्या एका पाझरानं शिकवलं. हौद अजून आहे.

मग तिढा पडला. निदेशकांच्या मानधनाला बाहेरून जी मदत मिळत होती ती ठरावीक मुदतीची होती, ती संपली. विषय बंद पडायची वेळ आली. पुन्हा देवळात बैठक. या खेपेला कुरकुर नव्हती, हिशोब होता. आम्ही भाऊरावांचा मुष्टिफंड आठवून सुगीला प्रत्येक घरातून पायलीभर बाजरी काढायचं ठरवलं. ज्याच्याकडं बाजरी नव्हती त्यानं दोन दिवसांचं काम दिलं. पण नुसत्या धान्यावर निभलं नसतं. खरा आधार दुसऱ्या ठरावानं दिला. गावातलं जे काम शाळेतली मुलं करू शकतात ते आधी शाळेला विचारायचं आणि बाजारभावानं पैसे द्यायचे. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, बाकांची दुरुस्ती, शोषखड्डे, अंगणवाडीचा ओटा, रक्तगट तपासणी, मातीपरीक्षण. त्या पैशातून माल यायचा आणि मानधनाचा मोठा वाटा निघायचा. उरलेलं बाजरीनं भागायचं. त्यात वर्षं अशीही गेली की पाऊस पडला नाही आणि पायलीची मापटी झाली. पण विषय चालू राहिला.

पाबळही थांबलं नाही. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मदतीनं तिथं फॅब लॅब निघाली, संगणकावर आखून यंत्रानं वस्तू कापायची प्रयोगशाळा. पुढच्याच वर्षी कलबाग सर गेले. आश्रम चालू आहे.

आता पांढरीत स्लॅबची घरं झालीत. मे महिन्यात त्यातून आग ओकते आणि माणसं अंगणात झोपतात. लोक मला म्हणतात, पुन्हा मातीकडं जायचं का? मी म्हणतो, डोळे झाकून कुठंच जायचं नाही. मातीच्या भिंतीचा गारवा घ्या, तिच्यावरचं ओझं सोडा. सिमेंटची ताकद घ्या, पण लागेल तेवढंच वापरा. कुठं किती, हे ठरवायला मोजता आलं पाहिजे आणि ते हातानं करताही आलं पाहिजे. आमच्या शाळेतून गेलेली कितीतरी पोरं आज गवंडी नाहीत. कुणी शेती करतं, कुणी पुण्यात नोकरीला आहे. पण आपल्या घराच्या कॉलमात सळई कशी बांधली आणि मालात पाणी किती घातलं, हे त्यातला प्रत्येक जण ठेकेदाराला उभं राहून विचारतो. ठेकेदारांना हे फारसं आवडत नाही.

अशा शाळेला मदत करायची इच्छा असलेले शहरातले लोक मला भेटतात. ते पंखा देतात, घड्याळ देतात, त्यावर आजोबांचं नाव घालतात. द्या बापडे, उन्हाळ्यात वारं लागतं. पण जमलं तर काम द्या. तुमच्या फार्म हाउसचं फाटक, सोसायटीच्या बागेतला बाक, पाण्याचा हौद असलं काहीतरी त्यांच्याकडून करून घ्या, नीट झालं नाही तर परत करायला लावा, आणि झालं की पुरते पैसे द्या. गावकऱ्यांनी पायली बाजूला काढावी आणि वर्षातून एक दिवस आपलं कसब घेऊन शाळेत जावं. नाना गेले तोपर्यंत दर गुरुवारी जायचे. त्यांच्या हातानं मुलांकडून बांधून घेतलेली शाळेची कुंपणभिंत आहे. तिच्यात दर अडीच हातांवर आरपार दगड आहे, आणि शाळेत नवीन आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी तो शोधायला लावतात.